रोजच्या कटकटी आणि आनंदाचा रतीब

ताराबाईपार्क
नमस्कार मंडळी,

महापुरात कोल्हापूर कसं उभं राहतं ते २०१९ आणि २०२१ ला सगळ्यांनी बघितलंय. भाकऱ्यांच्या चळती निघाल्या, ओळखदेख नसलेल्यांना लोकांनी घरात घेतलं. माझा प्रश्न त्या ताणाचा नाही, रोजच्या कटकटींचा आहे. परीख पुलाखाली अडकलेली गाडी, ऐन पोळ्यांच्या वेळी संपलेला सिलिंडर, रात्री साडेदहाला वाजणारा ऑफिसचा ग्रुप, सासूबाईंच्या संपत आलेल्या गोळ्या, पोराची हरवलेली वही. यातलं एकही संकट नव्हे. पण सगळं एकाच दिवशी आलं की रात्री ताटावर मिठावरून भांडण होतं.

दूध जसं रतिबाने घरात येतं तसा आनंदही रतिबानेच यायला हवा, असं माझं मत आहे. रविवारी वेळ मिळाला तर बघू, हे नको. पण असा रतीब लावायचा म्हणजे नक्की काय करायचं? किती वेळ, दिवसातून कधी, कुठे चुकतं आणि का, तेवढं सांगा. ‘सकारात्मक राहा’ एवढंच कृपया लिहू नका.

गंगावेसकर
ताई, थेट दूध कट्ट्यावर या. म्हशीची धार समोर पडत्या, ग्लासावर चार बोटं फेस. अर्धा तास उभं राहून गप्पा हाणायच्या, फोन खिशात. घरी जाताना निम्मं डोकं हलकं. नाद खुळा!

शेवंता
@गंगावेसकर, कट्टा एकदम मान्य. पण कच्चं दूध गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारातून उठलेल्यांना देऊ नका. ब्रुसेलोसिससारखे आजार न उकळलेल्या दुधातून येतात. त्यांना उकळून गार केलेलं द्या, गप्पा त्याच.

गंगावेसकर
बरोबर हाय. दुधापेक्षा चार माणसांत उभं राहणं मोठं, हेच सांगायचं होतं.

समुपदेशी
ताई, तुम्ही संकट आणि कटकट असा जो फरक केलाय तो अगदी मोलाचा आहे. रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत हेच तपासलं. रोजच्या कटकटींची एक यादी आणि रोजच्या बारीक आनंदांची दुसरी, अशा दोन याद्या त्यांनी लोकांकडून महिनोन्‌महिने भरून घेतल्या. मानसिक तक्रारींचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरूनच जास्त चांगला येतो, असं दिसलं. मला याचं नवल वाटत नाही. मोठ्या संकटात माणसं धावून येतात, रजा मिळते, शेजारी डबा देतात. सिलिंडर संपला म्हणून कोण डबा आणून देतं? शरीराला मात्र दोन्हीकडे तेच करावं लागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, स्नायू आवळतात. पहिली कटकट उतरायच्या आत दुसरी आली की शरीर खाली येतच नाही.

आता आपल्याकडचीच गोष्ट घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठची माणसं ४३ ची वाट बघत बसत नाहीत, ३९ च्या आसपासच धान्याची पोती माळ्यावर चढवतात. तशी स्वतःची इशारा पातळी कागदावर लिहून काढा. दात आवळलेले असणं, खांदे कानाकडे सरकणं, एकच ओळ तीनदा वाचणं, चहाचे कप वाढणं, कपाटाचं दार आपटणं, घरच्यांनी हाक मारली की ‘काय आहे?’ असं तोंडातून जाणं. यातली स्वतःची तीन निवडा. घरच्यांनाही विचारा, त्यांना ती आपल्या आधी दिसतात. तीनपैकी दोन दिसली की हातातलं थांबवायचं आणि पाच मिनिटं श्वास.

श्वास असा: बसून एक हात पोटावर. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत सावकाश बाहेर. पोटावरचा हात वर यायला हवा, छाती नव्हे. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेरचा श्वास लांबला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून बाहेरचाच आकडा मोठा. चुकतं ते इथे: लोक हपापल्यासारखा श्वास ओढतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि ‘हे मला मानवत नाही’ म्हणून सोडून देतात. तसं झालं तर मोजणं बंद करून नेहमीसारखा श्वास घ्या. पुढच्या वेळी तीन आत, चार बाहेर, तेही हलकेच.

लेथवाला_उद्यमनगर
वरचं घरी, ऑफिसात ठीक. शॉपमध्ये मशीन चालू असताना डोळे मिटून मोजत बसणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. आमच्याकडच्या पोरांसाठी वेगळं पाहिजे.

जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, संपला, स्पिंडल बंद केला, तुकडा धरून फिरणारा चक पूर्ण थांबला. नवा जॉब बांधायच्या आधी मशीनपासून दोन पावलं मागं या. दोन्ही मुठी पाच ते सात सेकंद आवळायच्या, मग एकदम सोडून पंधरा-वीस सेकंद हात लोंबू द्यायचे. मग खांदे कानापर्यंत वर, धरा, सोडा. मग जबडा. शेवटी कपाळाला आठ्या घालून सोडा. चार जागा, दीड-दोन मिनिटं, झालं काम. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे, फक्त मूळची लांबलचक आहे.

सगळा जोर लावायचा नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. पोटरी आणि पाऊल तर फारच बेतानं, नाहीतर गोळा येतो. आवळणं फक्त फरक कळावा म्हणून आहे. खरा उपयोग सोडण्याच्या त्या वीस सेकंदांचा, आणि घाईची माणसं तेच गाळतात.

पायताण
चालण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. रंकाळा जवळ असेल त्यांनी सकाळी उजाडता उजाडता जावं. संध्याकाळी चौपाटीकडे गाड्या, भोंगे आणि भेळीची गर्दी असते. ती मजा वेगळी, उतारा म्हणून सकाळच बरी. लांब राहणाऱ्यांना विद्यापीठाच्या आवारातली झाडी आहे. वीस ते तीस मिनिटं पुरे. वेग इतकाच की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

खरी मेख पुढे आहे. पावलं मोजणारं घड्याळ बांधून गेलात की थोड्या दिवसांत त्या आकड्याचाच ताण सुरू होतो. त्याऐवजी आज काय बघायचं ते ठरवून निघा. एक दिवस फक्त पाणकावळे: पंख पसरून कुठल्या दगडावर बसतात, किती वेळ वाळवतात. एक दिवस फक्त पाण्याचा रंग, संध्यामठाकडून आणि शालिनी पॅलेसकडून. नजर बाहेर गुंतली की डोक्यातली चक्की आपोआप मंदावते. आणि कानात बोलणं चालू ठेवून चाललात तर हे होत नाही, कारण मग पाय रंकाळ्यावर आणि डोकं ऑफिसात.

सूरपेटी
@पायताण, तुमचं नाव बघून विचारते. कोल्हापुरी घालून चाललं तर चालतं का?

पायताण
झपझप चालायला नको. तळ सपाट, टाचेला उशी नाही, रोज अर्धा तास घातली तर टाच धरते. बूट घाला. कोल्हापुरी लग्नकार्याला, देवळाला आणि कट्ट्याला. नवी लागत असेल तर पट्ट्याला आतून रात्री खोबरेल चोळून ठेवा, सकाळी पुसा आणि घरातल्या घरात रोज पंधरा मिनिटं घाला. आठवडाभरात पट्टा पायाचा होतो. पाण्यात मात्र भिजवू नका, चामडं कडक होतं.

फाटकीछत्री
सगळं वाचलं. पण मला एक गोष्ट खटकते. पगार तीन महिने लांबला असेल, घरात आजारी माणूस असेल, तर ‘श्वास घ्या, पाणकावळे बघा’ हे सांगणं म्हणजे सगळी जबाबदारी त्या बिचाऱ्यावरच टाकणं आहे. परिस्थिती वाईट आहे म्हणून ताण आलाय, दृष्टिकोन चुकला म्हणून नाही. हसायला सांगायच्या आधी त्याचं काम हलकं करा.

समुपदेशी
छत्री, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच कटकटी कागदावर लिहून त्याचे दोन भाग करायचे. लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ही विभागणी नीट मांडली: एक, जे बदलता येतं ते बदलायचे प्रयत्न; दोन, जे बदलत नाही त्यात मन सांभाळायचे प्रयत्न. बहुतेकांचा घोटाळा अदलाबदलीत होतो.

ताईंच्याच यादीवर हे करून बघू. गोळ्या संपणं हा श्वासाचा विषयच नाही. नवीन पाकीट आणलं की शेवटच्या पट्टीवर पेनने तारीख टाका, संपायच्या सात दिवस आधीची. फोनमध्ये गजर त्याच तारखेचा. सिलिंडरला दुसरी टाकी, आणि भरलेली टाकी लावली की त्याच दिवशी पुढचं बुकिंग कधी करायचं ते कॅलेंडरवर. वहीसाठी दाराजवळ एक टोपली: शाळेतून आल्यावर दप्तर तिथेच, दुसरीकडे नाही. ऑफिसचा ग्रुप रात्री नऊ ते सकाळी आठ मूक, आणि खरंच तातडीचं असेल तर फोन करा असं सहकाऱ्यांना सांगून ठेवलेलं. अर्ध्या कटकटी इथेच गळतात. परीख पुलाखालची कोंडी मात्र भोंगा वाजवून सुटत नाही. तिथे श्वास, तिथे गाणं. पगार लांबणं हे पहिल्या भागात: लेखी मागणी, सोबतच्या कामगारांना घेऊन बोलणं, उधारीची यादी. ते चालू असताना माणूस मोडू नये म्हणून दुसरा भाग.

आणि दृष्टिकोन म्हणजे दुःखावर झाकण ठेवणं नव्हे. वस्तुस्थिती आणि तिला आपण लावलेलं शेपूट वेगळं करणं एवढाच त्याचा अर्थ. ‘साहेबांनी फाईल परत पाठवली’ ही वस्तुस्थिती. ‘आता माझं इथे काही खरं नाही’ हे शेपूट. दोन ओळी वेगवेगळ्या लिहा आणि शेपटाखाली विचारा: याला पुरावा काय? याआधी फाईल परत आली तेव्हा पुढे काय झालं? मैत्रिणीच्या बाबतीत असं घडलं असतं तर तिला काय सांगितलं असतं? तीन प्रश्न, पाच मिनिटं. पण लिहायचंच. मनातल्या मनात केलं की शेपूट वाढतच जातं.

फाटकीछत्री
हे पटलं. टोपलीचं तर फारच.

हास्यवर्ग_सकाळी६
आता हसण्याबद्दल. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला मुंबईत लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यवर्ग सुरू केला. सुरुवातीला लोक गोलात उभे राहून विनोद सांगत. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, मग घाण आणि दुखावणारे विनोद यायला लागले. तेव्हा त्यांनी विनोद काढूनच टाकले आणि हसण्याचा व्यायाम ठेवला. नवीन वर्ग काढणारी मंडळी आजही तीच चूक करतात, म्हणून हे सांगितलं.

कृती: पाच ते पंधरा माणसं, गोल, एकमेकांचे डोळे दिसतील इतकं अंतर. आधी तळव्याला तळवा, बोटाला बोट टेकवून एक-दोन, एक-दोन-तीन अशा ठेक्यात टाळ्या, तोंडाने ‘हो हो, हा हा हा’. मग दोन खोल श्वास. मग नमस्काराचं हसणं: समोरच्याकडे बघत हात जोडायचे आणि हसायचं. मग ताक घुसळायचं हसणं, फोन कानाला लावून हसणं. प्रत्येक प्रकार तीस-चाळीस सेकंद, मध्ये दोन श्वास. सगळं मिळून पंधरा मिनिटं. पहिले दोन दिवस हसणं खोटंच असतं, चालतं. नजरेला नजर भिडली की तिसऱ्या प्रकारापासून खरं फुटतं. म्हणून रांगेत उभं करू नका, गोलच पाहिजे.

हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, ताब्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचं हसणं करू नये, पोटावर दाब येतो. त्यांनी टाळ्या आणि स्मित एवढंच करावं.

सूरपेटी
विनोद काढून टाकले ते वर्गापुरतं ठीक, घरात तो पाहिजेच. पण कुठला? आपल्याकडे फिरकी घेणं आणि टोमणा मारणं यातली रेघ पुसट आहे. रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा, एकट्यालाच अडचणीत तारणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. पहिल्या दोन ताण उतरवतात. तिसऱ्याने टोचणाऱ्याचं हलकं होतं आणि टोचून घेणारा रात्रभर जागा राहतो. ओळखायची खूण सोपी: ज्याच्यावर विनोद झाला त्याचे डोळे हसतायत का, की फक्त ओठ? ऑफिसात सगळ्यांच्या फिरकीला रोज एकच मुलगा सापडत असेल तर ती फिरकी राहिली नाही.

दुसरी तऱ्हा शिकता येते. कोंडीत अडकल्यावर त्या प्रसंगाचं मनात धावतं वर्णन करायचं, कुस्तीच्या मैदानातल्या निवेदकाच्या थाटात: ‘डावीकडून रिक्षा आली, टेम्पोनं पट काढला, रिक्षा निसटली!’ खासबागेत बसलेल्याला ही भाषा शिकवावी लागत नाही. प्रसंग तोच, आपण मात्र आखाड्यातून उठून प्रेक्षकांत जाऊन बसतो.

आणि गाणं. दिवेलागणीला दहा मिनिटं गाणं म्हणजे वरचाच लांब उच्छ्वास, फक्त सुरात. पट्टी चुकली की घसा दुखतो आणि लोक सोडून देतात. पेटीवर साधारण बायकांना काळी चार ते काळी पाच, पुरुषांना काळी एक ते काळी दोन सोयीची पडते. वरचा सा ओरडल्याशिवाय लागत नसेल तर एक पट्टी खाली या. भजनी मंडळात टाळ धरायला घेतलात तरी चालेल, टाळाला पट्टी लागत नाही.

गंगावेसकर
टेम्पोनं पट काढला! हे उद्या दाभोळकर कॉर्नरला करणार. बरं, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघणं यात धरायचं का? पेठेची टीम हरली की दोन दिवस जेवण जात नाही.

समुपदेशी
धरायचं, दादा. ओरडणं, नाचणं, चार मित्र, सगळं त्यात आहे. फक्त तेवढा एकच आनंद असू नये, कारण त्याचा निकाल आपल्या हातात नाही. सोबत एक असा ठेवा जो हरत नाही.

शेवंता
तो आनंद म्हणजे पुदिना. बाजारातल्या जुडीतल्या जाड, हिरव्या चार-पाच काड्या घ्या, वीतभर. खालची निम्मी पानं काढा, काड्या पेलाभर पाण्यात ओट्याच्या खिडकीत ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला, पान पाण्यात बुडू देऊ नका, सडतं. सात ते दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. दोन इंच झाली की आठ इंची कुंडीत लावा. तळाला भोक हवं, निम्मी माती, निम्मं शेणखत आणि थोडी वाळू. रोज सकाळी त्या पेल्यात मूळ आलं का बघायचं, एवढं काम. पहिलं पांढरं टोक दिसलं की घरातलं पोरगंसुद्धा धावत सांगायला येतं.

ताराबाईपार्क
केवढं दिलंत सगळ्यांनी! मी आठवडा आखलाय. सकाळी सहाला हास्यवर्ग, मग रंकाळा, दुपारी मुठी-खांदे, संध्याकाळी शेपटं लिहिणं, दिवेलागणीला गाणं, पुदिना, शनिवारी कट्टा. कसं वाटतंय?

समुपदेशी
ताई, ही नवीन कटकटींची यादी झाली. दोनच ठेवा. एक माणसांसोबतचं, एक एकटीचं. आणि वेळेला नव्हे, आधीच होणाऱ्या कामाला बांधा: ‘कुकर लावला की पुदिन्याचं पाणी बघेन’, ‘देवाजवळ दिवा लावला की गाणं म्हणेन’. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही, नेहमीचंच करायचं. तीन आठवड्यांनी हवं तर तिसरं जोडा.

रात्री अंथरुणावर विचार येत असतील तर आणखी एक. काळजीला दिवसातली ठरावीक वेळ द्या, संध्याकाळी अर्धा तास, ठरावीक खुर्चीत. एरवी काळजी आली की चिठ्ठीवर एक शब्द लिहून त्या वेळेवर ढकलायची. थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासली होती. खुर्ची झोपायच्या खोलीत नको.

आणि सगळ्यांसाठी: झोप, भूक उडालीय, कशातच गोडी वाटत नाही, असं दोन आठवडे सलग राहिलं, किंवा जीव नकोसा वाटला, तर हा धागा पुरे पडणार नाही. १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. सरकारी सेवा आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. पातळी ४३ ला गेल्यावर बोट लागते, आणि ती बोलावण्यात काही कमीपणा नाही.

लेथवाला_उद्यमनगर
दोनच, हे एकदम बरोबर. मशीनवरसुद्धा एका वेळी एकच सेटिंग बदलायचं असतं, नाहीतर माप कशामुळे चुकलं ते कळत नाही.

ताराबाईपार्क
ठरलं. दिवेलागणीचं गाणं पोरांना घेऊन, आणि पुदिना माझ्या एकटीचा. शेवंताताई, काड्या आजच आणल्या. कुंडीत गेल्यावर पाणी रोज घालायचं का?

शेवंता
रोज नको. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसा. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर तसंच ठेवा. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्या. आणि शेंडे खुडत राहा, जितके खुडाल तितका फुटतो.